आधी ऊब, मग दूध: कुत्र्याच्या नवजात पिल्लांची काळजी

जन्मलेल्या पिल्लाचे डोळे मिटलेले असतात, कान बंद असतात आणि पायांत उभं राहण्याचं बळ नसतं. हे कुणालाही दिसतं. सहज दिसत नाही ती गोष्ट अशी की या पिल्लाला थंडी वाजली तर थरथरताही येत नाही. थरथरून अंगात ऊब निर्माण करण्याची क्षमता त्याला साधारण पहिल्या आठवड्यानंतर येऊ लागते. अंगावर चरबी जवळजवळ नसते. शी-शूसुद्धा ते आपण होऊन करू शकत नाही, आईनं चाटल्यावरच होते. म्हणजे ऊब, दूध आणि पोट साफ होणं या तिन्हींसाठी ते पूर्णपणे आईवर अवलंबून असतं, आणि आई कमी पडली किंवा नसलीच तर तुमच्यावर.

पहिल्यांदाच पिल्लं सांभाळणाऱ्यांचं सगळं लक्ष दुधाकडे जातं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की क्रम उलटा ठेवा. आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. त्याचं कारण पुढे सविस्तर येईलच.

व्यायच्या आधीची तयारी

कुत्री साधारण ६३ दिवस गाभण असते. दोनेक आठवडे शिल्लक असतानाच तिची जागा ठरवा आणि तिला तिथे झोपायची सवय लावा. ऐन वेळी नव्या जागी नेलं तर ती अस्वस्थ होते, पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. जागा घरातली शांत हवी, वाऱ्याचा झोत न येणारी आणि जमिनीच्या गारठ्यापासून थोडी उचललेली.

पेटी लाकडाची किंवा जाड पुठ्ठ्याची चालेल. आईला पाय ताणून आडवं होता आलं पाहिजे. कडा इतक्या उंच हव्यात की पिल्लं बाहेर पडणार नाहीत, पण एका बाजूनं आईला पान्ह्यानं जड झालेली कास न घासता ये-जा करता आली पाहिजे. आतल्या भिंतींना चारही बाजूंनी तळापासून सुमारे १० सेंटीमीटर उंचीवर एक दांडा किंवा पट्टी ठोका. आई भिंतीला टेकून बसली तरी त्या पट्टीखाली पिल्लाला जागा उरते आणि ते चिरडत नाही. मोठ्या जातीच्या कुत्रीसाठी हे कराच. आईच्या अंगाखाली गुदमरून पिल्लं जातात, आणि त्यात तिचा दोष नसतो.

व्यायच्या वेळी खाली वर्तमानपत्रं टाका, कारण ती पटापट बदलता येतात. नंतर मात्र कागद नको. गुळगुळीत पृष्ठभागावर पिल्लांचे पाय बाजूला फाकतात आणि त्यांना रांगायला जोर मिळत नाही. जाडसर, खरखरीत कापड घट्ट ताणून अंथरा. सैल चादरीच्या घडीखाली पिल्लू अडकतं, आणि निघालेला धागा पायाला करकचून बसतो.

जवळ ठेवायच्या वस्तू: स्वच्छ जुने टॉवेल, निर्जंतुक केलेली कात्री, उकळून घेतलेला दोरा, पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक), कापूस, एक थर्मामीटर आईसाठी आणि एक पेटीतलं तापमान पाहण्यासाठी, ग्रॅममध्ये वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, वही, आणि पिल्लांसाठीच्या दूध पावडरीचा एक बंद डबा. बहुतेक वेळा डबा उघडावा लागत नाही. पण लागलाच तर रात्री दोन वाजता लागतो. रात्री फोन उचलणाऱ्या पशुवैद्याचा नंबरही आधीच शोधून ठेवा.

शेवटच्या आठवड्यात आईचं तापमान दिवसातून दोनदा गुदद्वारातून मोजा. एरवी ते ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ते ३७.२ च्या खाली गेलं की साधारण २४ तासांत वेणा सुरू होतात.

पिल्लं बाहेर येताना

बहुतेक कुत्र्या सगळं आपापलं करतात: पिल्लाभोवतीचा पडदा फाडतात, नाळ तोडतात, पिल्लाला जोरजोरात चाटतात. त्या खडबडीत चाटण्यानंच पिल्लाचा श्वास सुरू होतो. तुम्ही बाजूला बसून पाहा, वेळ लिहा, गर्दी जमू देऊ नका.

आईनं मिनिटभरात पडदा फाडला नाही तर तुम्ही फाडा, तोंडाकडून सुरुवात करून. तोंडातला आणि नाकातला चिकट द्रव पुसा, पिल्लाचं डोकं किंचित खाली ठेवून टॉवेलनं पाठ-छाती चोळत राहा. पिल्लू हातात धरून झटके देण्याची किंवा गोल फिरवण्याची जुनी पद्धत अजून सांगितली जाते. ती करू नका, त्यानं मेंदूला इजा होते. नाळ तोडावी लागली तर पोटापासून सुमारे २ सेंटीमीटरवर दोऱ्यानं बांधा आणि गाठीच्या पलीकडे कापा. ओढू तर मुळीच नका. टोकाला आयोडीन लावा. सुकलेली नाळ काही दिवसांत आपोआप गळते.

पशुवैद्याला लगेच फोन करायच्या वेळा या: अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आलं नाही, आत पिल्लं आहेत हे माहीत असताना दोन तासांहून जास्त खंड पडला, पहिलं पिल्लू येण्याआधीच हिरवट स्राव दिसला, पिल्लू अर्धवट बाहेर येऊन अडकलं, किंवा आई थकून आडवी पडली आणि हाकेला दाद देईना. यातलं काही दिसलं तर थोडं थांबून पाहू, असं म्हणू नका.

पहिला दिवस: चीक

पहिल्या दिवसाचं घट्ट पिवळसर दूध म्हणजे चीक. आईनं आयुष्यभरात कमावलेली रोगप्रतिकारशक्ती त्यातून पिल्लाला मिळते. पिल्लाच्या आतड्यातून ती रक्तात जाण्याचा मार्ग मात्र झपाट्यानं बंद होत जातो. पहिल्या काही तासांत सर्वात जास्त शोषण होतं आणि २४ तासांनंतर जवळजवळ काहीच नाही. म्हणून पुढची पिल्लं येत असतानाही आधीच्यांना सडाला लावत राहा. ती लुचू लागली की आईच्या कळांनाही जोर येतो.

लुचणं नीट चाललंय हे ओळखायला सोपं आहे. जीभ सडाभोवती घट्ट वळलेली असते, पुढचे पाय कास दाबत असतात आणि पोट भरलं की पिल्लू तिथेच झोपतं. दुबळं पिल्लू धडधाकट भावंडांकडून ढकललं जातं. त्याला उचलून मागच्या सडांना लावा, तिथे दूध जास्त असतं, आणि इतरांना काही मिनिटं बाजूला ठेवा.

सगळं शांत झालं की प्रत्येक पिल्लू हातात घेऊन पाहा. तोंड उघडून टाळू बघा. टाळूत फट असेल तर प्यालेलं दूध नाकातून येतं आणि फुप्फुसात जाऊ शकतं. शेपटीखाली गुदद्वार आहे ना, पोटाच्या जागी काही फुगलेलं किंवा उघडं नाही ना, तेही पाहा. मग वजन करा आणि प्रत्येकाला खूण द्या. एकाच रंगाची पिल्लं असतील तर मऊ लोकरीचे निरनिराळ्या रंगांचे सैलसर गळपट्टे बांधा आणि ते रोज सैल करत जा, कारण पिल्लं झपाट्यानं वाढतात. पहिल्याच दिवशी पशुवैद्याला आई आणि पिल्लं दाखवता आली तर उत्तम. आत एखादं पिल्लू किंवा वार राहिली नाही ना, हेही त्यात कळतं.

ऊब

नवजात पिल्लाचं स्वतःचं तापमान मोठ्या कुत्र्यापेक्षा कमी असतं. पहिल्या आठवड्यात ते ३५ ते ३६.७ अंश, आणि मोठ्या कुत्र्याच्या पातळीला पोचायला चौथा आठवडा उजाडतो. म्हणून पिल्लं झोपतात तिथली हवा पहिल्या आठवड्यात २९ ते ३२ अंश, दुसऱ्यात २६ ते २९, तिसऱ्यात २३ ते २६ अशी उतरती ठेवतात. हे आकडे पिल्लाच्या पातळीवरचे आहेत, म्हणजे थर्मामीटर पेटीच्या तळाशी हवा. भिंतीवर टांगलेल्या थर्मामीटरवरून काहीच कळत नाही.

सगळी पेटी ३० अंशांवर तापवली तर आई धापा टाकते आणि उठून निघून जाते. मग पिल्लांना ना ऊब ना दूध. त्यामुळे एकच कोपरा उबदार करा. वरून दिवा लावा, किंवा कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवा, किंवा पेटीच्या अर्ध्या तळाखाली कमी तापमानाचा हीटिंग पॅड. बाकीची अर्धी पेटी गारसर राहू द्या. गरम वाटलं तर पिल्लू रांगत दूर सरकतं, गार वाटलं तर जवळ येतं. त्याला निवड मिळाली पाहिजे. पॅड किंवा पिशवी पिल्लाच्या अंगाला थेट लागता कामा नये, कारण त्याची कातडी पातळ असते आणि भाजण्याआधी ते वेळेत सरकू शकेलच असं नाही. दिवा पडणार नाही असा बांधा आणि वायर आईच्या तोंडापासून लांब ठेवा.

थर्मामीटरइतकंच पिल्लांच्या झोपण्याकडे लक्ष द्या. एकमेकांच्या अंगाला अंग लावून, पण सैलपणे, शांत झोपलेली पिल्लं ठीक असतात. एकमेकांवर चढून ढीग केलाय आणि कुंईकुंई चाललीय, म्हणजे गारठलीत. चार कोपऱ्यांत पांगलीत, तोंड उघडं आहे, अंग लालसर झालंय, म्हणजे उकडतंय. झोपेत पाय झटकणं, ओठ हलणं, अंगाला बारीक हिसके बसणं हे सगळं निरोगी आहे. त्या हिसक्यांनी स्नायूंना बळ येतं. उलट अगदी निश्चल पडलेल्या पिल्लाला उचलून पाहावं.

आता गार पडलेल्या पिल्लाबद्दल. पिल्लाचं तापमान ३४.४ अंशांखाली गेलं की त्याची आतडी काम थांबवतात आणि चोखण्याची ताकद जाते. अशा वेळी पाजलेलं दूध पचत नाही, पोटात तसंच राहतं, परत वर येतं आणि श्वासनलिकेत उतरतं. आई स्वतः अशा पिल्लाला बाजूला सारते. माणसाला ती निर्दय वाटते, पण बहुतेकदा पिल्लू गार पडलेलं असतं एवढंच, आणि ऊब परत आल्यावर ती त्याला पुन्हा जवळ घेते.

अशा पिल्लाला सावकाश ऊब द्या. आपल्या कपड्याच्या आत, कातडीला लावून धरणं हा सर्वात सुरक्षित उपाय. तासाला साधारण एक अंश या गतीनं, म्हणजे एक ते तीन तास लागू शकतात. गरम पाण्यात बुडवणं, हेअर ड्रायर जवळ धरणं किंवा तापलेल्या पिशवीवर ठेवणं धोक्याचं आहे. एकदम तापवल्यानं त्याच्या हृदयावर आणि श्वासावर ताण येतो. अधूनमधून कूस बदला. रक्तातली साखर उतरलेली असू शकते, म्हणून याच वेळात पशुवैद्याशी फोनवर बोला. हिरड्यांवर साखरपाण्याचा थेंब लावायचा का आणि कधी, हे ते सांगतील. पिल्लू उबदार झालं, हालचाल करू लागलं, तुमचं बोट तोंडात घेऊन चोखू लागलं, की मगच दूध.

काटा आणि वही

डोळ्यांना पिल्लू ठीक दिसतं आणि दुसऱ्या दिवशी ते जातं, असं अनुभवी माणसांच्या बाबतीतही घडतं. काट्यावर मात्र आधीच्याच दिवशी ते दिसलेलं असतं. पहिला आठवडा रोज सकाळ-संध्याकाळ एकाच वेळी वजन करा, पुढे तीन आठवड्यांपर्यंत रोज एकदा. काट्यावर एक डबा ठेवून त्यात मऊ कापड घाला, काटा शून्यावर आणा आणि पिल्लू त्यात ठेवा.

जन्माचं वजन जातीप्रमाणे खूप वेगळं असतं. छोट्या जातीचं पिल्लू १०० ते २०० ग्रॅमचं असू शकतं, तर मोठ्या जातीचं अर्धा किलोच्या आसपास. त्यामुळे आकडा किती यापेक्षा तो कुठल्या दिशेला चाललाय ते पाहा. पहिल्या दिवशी थोडी घट चालते. ती जन्मवजनाच्या १० टक्क्यांच्या वर गेली तर लगेच पशुवैद्य गाठा. दुसऱ्या दिवसापासून वजन वाढलंच पाहिजे, रोज जन्मवजनाच्या ५ ते १० टक्के. सात ते दहा दिवसांत ते दुप्पट होतं. एक दिवस वजन जागच्या जागी राहिलं तर त्या पिल्लाला आधी सडाला लावा आणि बारा तासांनी पुन्हा मोजा. तेव्हाही तेच असेल किंवा उतरलं असेल तर वाट पाहू नका.

पिल्लांना हात लावला तर आई त्यांना टाकून देते, असं ऐकून लोक वजन करायला घाबरतात. ओळखीच्या माणसानं स्वच्छ हातांनी, तिच्या डोळ्यांसमोर, थोडा वेळ पिल्लू उचललं तर आई बिथरत नाही. परकी माणसं, पाहायला येणारे शेजारी आणि इतर कुत्री यांना मात्र पहिले दोन-तीन आठवडे लांबच ठेवा. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू बुटांच्या तळव्यांवरूनही घरात येतो.

आईकडे पाहायला विसरू नका

दूध पाजणाऱ्या आईची भूक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कळसाला पोचते. पिल्लं बरीच असतील तर तिला एरवीच्या दोन ते तीन पट अन्न लागतं. ते दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्या. पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य याच काळात आईलाही चांगलं मानवतं. पाणी पेटीच्या जवळ, पण पिल्लू पडणार नाही अशा ठिकाणी. सुरुवातीचा हिरवट-काळसर स्राव नंतर तांबूस-तपकिरी होतो आणि दोन-तीन आठवडे थोडाथोडा येत राहतो. त्याला घाण वास आला, आईला ताप आला किंवा तिनं पिल्लांकडे पाठ फिरवली, तर गर्भाशयात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.

रोज सगळे सड हातानं चाचपा. एखादा गरम, टणक, लालसर किंवा दुखरा लागला, दुधाचा रंग बदलला, तर तो कासदाह. पिल्लांची नखं टोकदार होऊन आईची कास ओरबाडतात, म्हणून आठवड्यातून एकदा नखांची फक्त टोकं कापावीत.

रक्तातलं कॅल्शियम कोसळल्यानं होणारा झटका सर्वात घातक. लहान जातीच्या कुत्र्यांत आणि बरीच पिल्लं असलेल्या आईत, पहिल्या चार आठवड्यांत तो जास्त दिसतो. आई उगाच अस्वस्थ होते, धापा टाकते, पाय ताठ टाकत चालते, मग अंग थरथरू लागतं आणि झटके येतात. हा तासाभराचा खेळ आहे. पिल्लं तिच्यापासून बाजूला करा आणि थेट दवाखाना गाठा. गाभणपणी मनानं कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यानं हा धोका टळत नाही, उलट वाढतो, कारण हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते.

आई नसेल, किंवा दूध कमी पडत असेल तर

रस्त्याकडेला पिल्लं एकटी दिसली तर लगेच उचलू नका. आई खाणं शोधायला गेलेली असते आणि माणूस उभा असेल तर परत येत नाही. पिल्लं कोरडी, उबदार आणि शांत असतील तर लांबून काही तास लक्ष ठेवा. गार पडलेली, भिजलेली, जखमी किंवा मुंग्या लागलेली असतील तर मात्र थांबायचं कारण नाही.

दुसरी दूध देणारी कुत्री मिळाली आणि तिनं स्वीकारलं, तर याहून चांगलं काही नाही. ते जमलं नाही तर पिल्लांसाठीची दूध पावडर. गाईचं दूध कुत्रीच्या दुधापेक्षा फार पातळ असतं. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात, आणि दूधसाखर कमी. गाईच्या दुधानं पिल्लाचं पोट बिघडतं आणि वजनही वाढत नाही. त्यात ते ‘जड पडेल’ म्हणून पाणी घालण्याची रीत आहे. त्यानं उरलंसुरलं पोषणही जातं आणि पिल्लू भरल्या पोटी उपाशी राहतं.

किती पाजायचं? पहिल्या आठवड्यात दर १०० ग्रॅम वजनामागे दिवसाला २० ते २५ किलोकॅलरी लागतात. तयार केलेल्या पावडरीच्या दुधात साधारण मिलीलीटरला एक किलोकॅलरी असते, तरी डब्यावरचा आकडा तपासा. म्हणजे ३०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला ६० ते ७५ मिली. ते दर तीन तासांनी, आठ वेळा पाजलं तर एका वेळी आठ-नऊ मिली. फार लहान किंवा अशक्त पिल्लाला दर दोन तासांनी. एका वेळी १०० ग्रॅममागे चार मिलीच्या वर जाऊ नका, कारण पोट तेवढंच असतं. हो, रात्रीसुद्धा. घरात दोन माणसं असतील तर पाळ्या लावा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वजन नीट वाढत असेल तर अंतर चार तासांवर नेता येतं.

पाजायची पद्धत प्रमाणाइतकीच महत्त्वाची आहे. पिल्लू पोटावर, टॉवेलवर, डोकं किंचित वर, जसं ते आईजवळ असतं तसंच. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. दूध आईच्या अंगाइतकं कोमट, सुमारे ३८ अंश, मनगटावर थेंब टाकून पाहा. बाटली उलटी केल्यावर दूध थेंबथेंब यावं, धार लागली तर भोक मोठं आहे. बाटली दाबू नका, पिल्लाला ओढू द्या. नाकातून दूध आलं की लगेच थांबा, डोकं खाली करून नाक पुसा, आणि नंतर श्वासात खरखर ऐकू आली तर डॉक्टरांकडे न्या. चोखण्याची ताकदच नसलेल्या पिल्लाला नळीनं पाजतात, पण ते पशुवैद्यानं समोर शिकवल्याशिवाय कुणीही करू नये. प्यायल्यावर उभं धरून पाठीवर हलकं थोपटा. बाटल्या आणि बोंडं दर वेळी उकळा. कालवलेलं दूध फ्रिजमध्ये २४ तासांच्या वर ठेवू नका, आणि एकदा गरम करून उरलेलं टाकून द्या.

प्रत्येक पाजण्याआधी आणि नंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं पोटाखालचा भाग आणि गुदद्वार हळुवार पुसत राहा. शू लगेच होते, शी दर वेळी होईलच असं नाही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत हे करावं लागतं. विसरलं तर लघवी तुंबते आणि पोट फुगतं. शू फिकट पिवळी असावी. गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय. शी मऊ, पिवळसर-तपकिरी असते. पाण्यासारखी किंवा हिरवट झाली तर त्याच दिवशी दाखवा.

कोमेजणारं पिल्लू

पहिल्या दोन आठवड्यांत काही पिल्लं कारण न कळता मलूल होत जातात. सुरुवातीची चिन्हं बारीक असतात: भावंडांपासून वेगळं पडून राहणं, पाव तासाहून जास्त सतत रडणं, सड तोंडात घेऊन सोडून देणं, हातात घेतल्यावर अंग लुळं लागणं, हिरड्या फिकट किंवा निळसर दिसणं. निरोगी पिल्लू हातात वळवळतं आणि मुठीला भरीव लागतं. यातलं एकही चिन्ह दिसलं तर काही तासांचा प्रश्न असतो. ऊब द्यायला लागा, फोन करा आणि दवाखान्यात नेताना अंगाशी धरून न्या. सगळं करूनही एखादं पिल्लू जातं. बाकीच्यांना तेच होत नाही ना, यासाठी डॉक्टरांना तपासायला द्या.

पिसवा फार झाल्या तर एवढ्याशा पिल्लाचं रक्त शोषून त्याला पंडुरोग होतो. पण या वयात बाजारातली पिसवांची पावडर किंवा फवारा लावू नका. बारीक दातांच्या फणीनं काढा आणि आईवर कुठलं औषध चालेल ते विचारा. पेटीजवळ फिनेल आणि डांबरगोळ्या नकोत.

दुसरा-तिसरा आठवडा

दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात. सुरुवातीला बुबुळ निळसर, धुरकट दिसतं, ते ठीक आहे. पापण्या हातानं उघडू नका. मिटलेल्या पापणीखाली फुगवटा किंवा पू दिसला तर मात्र दवाखाना. कान थोडे नंतर उघडतात, आणि तिसऱ्या आठवड्यात पिल्लं डुगडुगत चालू लागतात, दुधाचे दात येऊ लागतात.

जंतांचं औषध दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करतात आणि चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्यात पुन्हा देतात. इतक्या लवकर का, असं वाटेल. गोल जंतांच्या अळ्या आईच्या पोटात असतानाच पिल्लात शिरतात, आणि पुढे दुधातूनही येतात. आई दिसायला निरोगी असली तरीही. मात्रा वजनावर ठरते, म्हणून त्या दिवशीचं वजन घेऊन पशुवैद्याला विचारा. आईलाही सोबत औषध द्या. हे जंत माणसालाही बाधतात, मुलांना विशेष, तेव्हा हात धुण्यात कसूर नको.

दुधाकडून खाण्याकडे

साधारण साडेतीन ते चार आठवड्यांनी पसरट ताटलीत पिल्लांचं खाद्य कोमट पाण्यात किंवा पावडरीच्या दुधात भिजवून, लापशीसारखं पातळ करून ठेवा. पहिल्या दिवशी ती त्यातून चालतील, अंगाला माखून घेतील, एकमेकांना चाटतील. हेच शिकणं आहे. पुसून कोरडी करा, नाहीतर गारठतात. दिवसातून तीन-चार वेळा द्या आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडं घट्ट करत जा. उथळ भांड्यात पाणी ठेवा. आईला मधेमधे दूर जाऊ द्या. सात-आठ आठवड्यांत दूध सुटतं.

तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेतं. या काळात रोज थोडा वेळ वेगवेगळ्या माणसांच्या हातात जाऊ द्या, मिक्सरचा आवाज ऐकू द्या, निरनिराळ्या पृष्ठभागांवर चालू द्या. भावंडांशी झटापट करतानाच चावा किती जोरात घ्यायचा नाही हे ते शिकतं. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लू कुणाला देऊ नका, कितीही मागणी असली तरी.

लस सहा ते आठ आठवड्यांदरम्यान सुरू होते आणि १६ आठवड्यांचं होईपर्यंत दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा दिली जाते, कारण चिकातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला आड येते आणि ती प्रत्येक पिल्लात वेगळ्या वेळी ओसरते. एकच डोस देऊन काम झालं असं समजू नका. मालिका पूर्ण होईपर्यंत इतर कुत्री फिरतात अशा जमिनीवर त्याला सोडू नका. नव्या घरी देताना जंतांच्या औषधाच्या तारखा, लसीचं कार्ड, सध्याच्या खाद्याची आठवडाभराची पुडी आणि तुमच्या वहीतलं त्याच्या वजनाचं पान, एवढं सोबत द्या.